पांढरा हंस

"तोंड उघड," नोन्ना येगोरोव्हना म्हणाली.

चौदा वर्षांच्या अग्नियाने आ केला. पाणी तिने तोंडात घेतलं होतं, घोळवलं होतं आणि बेसिनमध्ये थुंकलं होतं. स्पर्धेच्या दिवशी गिळायचं नाही, हा नियम होता.

"चढ आता."

वजनकाटा मॉस्कोहून पेर्मपर्यंत गाडीच्या डिकीत आला होता. जुन्या दवाखान्यातला, लोखंडी, सरकत्या वजनाचा. हॉटेलातल्या काट्यावर नोन्नाचा विश्वास नव्हता. दांडी डुलली, थरथरली, थांबली.

"दोनशे ग्रॅम जास्त."

"केस ओले आहेत, नोन्ना येगोरोव्हना. शप्पथ!"

"केस ओले म्हणे! उद्या सांगशील, रात्री स्वप्नं जड पडली. उतर."

गेल्या वीस वर्षांत या काट्यावरून चढून-उतरून पाच मुली फिगर स्केटिंगमध्ये जगज्जेत्या झाल्या होत्या. वर्तमानपत्रं नोन्नाला अस्वलीण म्हणत. ती मुलींना उपाशी ठेवते, एक उडी साठ-साठ वेळा मारायला लावते, रडणारीला बर्फाबाहेर काढते आणि पुरी वाढलेली मुलगी तिच्याकडे टिकत नाही, असं छापून येई. त्यात खोटं काही नव्हतं. एकदा टीव्हीवरच्या बाईने तोंडावर विचारलं, तेव्हा नोन्ना म्हणाली होती, "लहान पाखरू वर उडतं, मोठं झालं की वारा त्याला तोलत नाही. हा माझा कायदा नाही, बर्फाचा आहे." आणि चहात चमचाभर जाम ढवळत बसली होती.

अस्वलीण हे नाव मात्र तिला आतून बोचायचं. स्वतः ती कधी पंधराव्या नंबरच्या वर गेली नव्हती. सतराव्या वर्षी अंग भरलं, उड्या गेल्या. मग सहा वर्षं बर्फावरच्या सर्कशीत अस्वलाचा पोशाख घालून ती मुलांना हसवत फिरली. त्या केसाळ मुंडक्याच्या आत घामाचा आणि गोंदाचा वास यायचा. आपल्या एकाही मुलीवर ही वेळ येऊ द्यायची नाही, म्हणून तर हा काटा.

आणि हेच ती जूनमध्ये ग्लाशाला म्हणाली होती. ग्लाशा सातव्या वर्षापासून तिच्याकडे, नऊ वर्षं. सोळाव्या वर्षी पोरगी काही महिन्यांत सात सेंटिमीटर वाढली आणि हवेतल्या चार फेऱ्यांच्या उडीवर आपटू लागली. नोन्ना सगळ्यांसमोर म्हणाली, "आता अस्वलाचा पोशाख शिवायला टाक, बाई." ग्लाशा रडली नाही. स्केट्स पिशवीत भरले आणि वादिमकडे शिकायला गेली. वादिमही कधीकाळी नोन्नाचाच विद्यार्थी. मऊ स्वभावाचा, मुलींना सफरचंदं वाटणारा.

दुपारी अंतिम फेरीआधीच्या सरावासाठी सहा मुली कठड्याशी आल्या. सहा मिनिटांचा सराव, मग एकेकीची पाळी. प्रत्येकीने ब्लेडवरची कव्हरं काढून आपापल्या प्रशिक्षकाच्या हातात दिली. फाटकाशेजारची उजवीकडची जागा नोन्नाची. वीस वर्षं ती तिथेच उभी राहते. अग्नियाची कव्हरं घेऊन ती वळते तोच आणखी एक जोडी तिच्या तळहातावर येऊन पडली. निळी, टोकाला झिजलेली.

ग्लाशा होती. मान खाली, डोळे बर्फावर, नऊ वर्षांच्या सवयीने हात आपोआप गेला होता. एका पावलात तिला चूक कळली, कानशिलं लाल झाली. पण तोवर ती बर्फावर होती. पहिली पाळी तिचीच, म्हणजे सरावानंतर ती बाहेर येणारही नव्हती.

"द्या इकडे, नोन्ना येगोरोव्हना," वादिम हसून म्हणाला. "चुकून आली."

"चुकून आली तर राहू दे. पळून जात नाही मी घेऊन."

कव्हरं उबदार होती. नोन्ना अग्नियाकडे पाहत होती, पण डोळा पुन्हा पुन्हा लांब पायांच्या त्या पोरीकडे जाई. ग्लाशा उडाली, पडली. पुन्हा उडाली, पुन्हा पडली. तिचे ओठ हलत होते. ते शब्द नोन्नाला इथून वाचता येत होते. कामा नदीवरून गोठल्या वाटेने पाणी आणताना नोन्नाची आजी म्हणायची तेच. प्रत्येक मुलीला तिने उडीचा ताल म्हणून तेच शिकवलं होतं:

*बादली भरली, काठ धरला,*
*पाय उचलला, हंस उडला.*

लहानग्या अंगाला पुरे एवढा ताल. ग्लाशाच्या पायांना तो आखूड पडत होता. अंग मागे राहत होतं आणि हंस आधीच उडत होता. पोरगी जड झाली नव्हती, घाई करत होती. एवढंच होतं. जूनमध्येही एवढंच होतं.

नोन्नाच्या हातातली कव्हरं एकमेकांवर आपटली. बोलावं तर अग्नियाचं सोनं जाईल. आणि वीस वर्षं छातीठोक सांगितलेला बर्फाचा कायदाही जाईल.

सराव संपला. ग्लाशा वादिमसमोर येऊन कठड्याला टेकली.

"तीन फेऱ्यांवर भागव, राणी," वादिम म्हणाला. "जीव महत्त्वाचा."

"ग्लाशा," नोन्ना तिथूनच म्हणाली, बर्फाकडे पाहत. "एक शब्द घाल. पांढरा हंस."

"काय?"

"बहिरी झालीस का? पाय उचलला, *पांढरा* हंस उडला. उंच झालीस तू. वेळ घे."

ग्लाशाने तिच्याकडे पाहिलं. पुढ्यातलं खरं की सापळा, हे जोखणारी ती नजर. मग तिचं नाव पुकारलं गेलं.

संगीताच्या मध्यावर ती वळली, ओठ हलले. त्या एका शब्दापुरती ती बर्फावरच रेंगाळली आणि सुटली. चार फेऱ्या. टेकली ती अशी, की आवाजसुद्धा झाला नाही. प्रेक्षक उठले. नोन्नाने मान हलवली, हिशेब बरोबर आल्यासारखी.

ग्लाशा फाटकातून बाहेर आली. पूर्वी नोन्ना गुडघ्यावर बसून तिच्या पायात कव्हरं चढवायची. आताही ती किंचित वाकली. पण ग्लाशाने हात पुढे केला, कव्हरं घेतली, "आभारी आहे, नोन्ना येगोरोव्हना" म्हणाली आणि स्वतःच चढवून वादिमकडे गेली.

अग्निया शेवटी उतरली. काही चुकली नाही. तरी गुणफलकावर ती ग्लाशाच्या मागे दुसरी आली, अर्ध्या गुणाने.

बाकावर नोन्ना आणि अग्निया शेजारी बसल्या. समोर कॅमेरे.

"तुम्ही तिला काय सांगितलंत?" ओठ न हलवता अग्नियाने विचारलं.

"एक शब्द."

"मला नाही सांगितला."

"तुला अजून लागत नाही."

"कधी लागेल?"

नोन्नाने तिच्याकडे पाहिलं. सप्टेंबरात शिवलेल्या पोशाखाची बाही मनगटापासून बोटभर वर सरकली होती.

"लवकरच," ती म्हणाली.

अग्नियाने बाटली उचलली, घोट घेतला, गाल फुगवून तोंडात घोळवला आणि थुंकायला जागा शोधू लागली.

"गिळ," नोन्ना येगोरोव्हना म्हणाली.