मागच्या रांगेतली मंजुश्री

प्रार्थनेची ओळ संपताना मंजुश्रीचे ओठ इतर मुलींपेक्षा जरा आधी मिटायचे. शेवटचा स्वर लांबवायला श्वास लागतो. तिला तो लागत नव्हता, कारण ती गात नव्हती.

आमच्या शाळेत जूनमध्ये रामराव सर पेटीवर एक स्वर धरतात आणि एकेकाला 'आ' लावायला सांगतात. जुळला तो पुढच्या रांगेत. न जुळणारा बेसूर. त्याने मागे उभं राहून नुसते ओठ हलवायचे. यात कोणाला काही वावगं वाटत नाही. मुख्याध्यापकही ओठच हलवतात.

मी विज्ञान शिकवते, गाण्यातलं मला कळत नाही. पण पौर्णिमेला मंजुश्रीच्या आजीने, जनकाबाईंनी, विहारात बोलावलं म्हणून गेले. मंजुश्री पुढे बसून वंदना म्हणत होती आणि सगळी माणसं तिच्या मागून. तिचा आवाज खालचा आहे, पण तो एकदाही हलला नाही. मी फोनवरच्या अ‍ॅपने तो मोजला. तो पेटीच्या पांढरी चार या पट्टीत होता. सर सगळ्यांना काळी पाचला तपासतात, म्हणजे बरंच वर.

सोमवारी मी सरांना सांगितलं, की मुलगी बेसूर नाही, तिची पट्टी वेगळी आहे. तिला तिच्या पट्टीत एकदा ऐका. सर म्हणाले, पाहू. पोळा झाला, गणपती झाले, पाहू चालूच होतं. मी आवाजाचा आलेख काढून नेला. आलेख छान आहे म्हणाले आणि टेबलाच्या काचेखाली ठेवून दिला.

मंजुश्री आठवीत आहे आणि आमची शाळा आठवीपर्यंतच. तालुक्याच्या समूहगीत स्पर्धेत गायची तिची ही शेवटची संधी होती. हे तिने मला सांगितलं, तेही प्रयोगशाळेतल्या परीक्षानळ्या धुता धुता, माझ्याकडे न बघता.

निवडीच्या दिवशी तिने पुन्हा 'आ' लावला आणि तो पुन्हा जुळला नाही. सरांनी मागे बोट दाखवलं. मी म्हटलं, सर, आता पांढरी चारला गाणं वाजवा, ती म्हणेल. सरांनी बोटं पट्ट्यांवर ठेवली. भाता हलवला. मग हात काढून घेतला.

"मॅडम, मले दुसऱ्या पट्टीत वाजोता येत नाई," ते म्हणाले. "गुरुजींनी एकच शिकवली. तिच्यावरच नोकरी निघाली."

मुलांना यातलं किती समजलं, सांगता येणार नाही. मंजुश्रीला समजलं.

"मंग बेसूर मी काऊन, सर?"

फळा पुसू का, असं विचारावं तशा आवाजात तिने विचारलं.

रस्त्यावर जीपवाला बुलडाणा, बुलडाणा ओरडत होता. त्याची जीप भरली आणि गेली. मागच्या रांगेतल्या प्रतीक्षाला शिंक आली, तीही तिने दाबली.

मग सरांनी पांढरी चारवर एकच बोट ठेवलं.

"सूर धरणं तं एका बोटाचं काम हाये," ते म्हणाले. "तेवढं मी करतो. मंजुश्री, पुढं ये. यंदा गाणं तू उचलशीन, तुह्या आवाजात."