बेकरीतलं उरलेलं

बेकरीवाल्याचा थोरला भाऊ भट्टीसमोरच छाती धरून खाली बसला, तो उठलाच नाही. मग धाकट्याचं, म्हणजे बेकरीवाल्याचं, रक्त तपासलं, तर त्याचं कोलेस्टेरॉल थोरल्याच्याही वरताण. तेव्हापासून बेकरीवाल्याच्या बायकोने धास्तीच घेतली. नवरा जायला नको, बाकी काहीही चालेल, एवढंच तिचं मागणं.

दवाखान्यात डॉक्टर दिसायचे ते ओझरते. खरा कारभार सिस्टरबाईंचा. दर मंगळवारी मागच्या खोलीत गोल खुर्च्या मांडून त्या एकेकाची झडती घेत. काय खाल्लं, चाललात का, की नुसत्याच थापा? गोळ्या घ्याच, पण जीभही आवरा, असं त्यांचं म्हणणं. बेकरीवाल्याने आधी बरीच कुरकुर केली, पण नंतर गडी मनावर घेऊन चालायला लागला. बायको त्याच्यासाठी बिनतेलाचं शिजवायची आणि मंगळवारी खोलीबाहेरच्या बाकावर जीव मुठीत धरून बसायची.

काही महिन्यांनी त्याचा आकडा चांगलाच उतरला. सिस्टरबाईंनी तिलाही आत बोलावलं.

"ताई, अर्धं श्रेय तुमचं. आलाच आहात तर तुमचंही रक्त बघू या."

"मला काय धाड भरलीय?" ती हसली, पण बोट पुढे केलं.

सिस्टरबाईंनी यंत्राकडे पाहिलं, भुवया उंचावल्या आणि दुसऱ्या बोटातून थेंब घेतला. आकडा हलायला तयार नव्हता.

"ताई, तुम्ही खाता तरी काय?"

"मी कुठे काय खाते? ह्यांच्यासाठी शिजवते तेच."

"आणखी?"

"बेकरीतून उरलेलं येतं ना रोज. क्रीमरोल, लोण्याची बिस्किटं. ह्यांना तर बंद. पण ह्यांच्या हातचं टाकवत नाही हो. मग मीच संपवते."

बेकरीवाल्याचा चेहरा खाडकन उतरला. उरलेल्याचा खोका रोज तोच घरी आणायचा. सकाळी तो रिकामा दिसला की बायकोने शेजारी वाटलं असेल, असं धरून चालला होता. विचारायचं काही त्याला सुचलं नव्हतं.

"तुझ्यामागे मला एकट्याला नाही जमायचं," तो तिला म्हणाला.

ती त्याच्याकडे बघतच राहिली. आपण मागे राहू, या भीतीने तिला इतके दिवस झोप नव्हती. तोही मागे राहू शकतो, हे तिच्या मनाला कधी शिवलंच नव्हतं.