सुरगीतली जागा

अर्धशिशी ज्याला नाही त्याला ती सांगून कळत नाही. माझं डोकं दुखायला लागलं की मला उजेड नको, आवाज नको, फोडणीचा वास नको आणि नवरा तर अजिबात नको. आमचे कल्याणप्पा तसे गरीब, पण दाराच्या फटीतून "बरं वाटतंय का?" असं इतक्यांदा विचारतात, की उशी फेकून मारावीशी वाटते. एकदा मारलीही.

या डोक्यानं माझं एक मोठं नुकसान केलं. आम्हा लिंगायतांत लग्नाच्या हळदीला सुरगी असते. अंगणात चार कोपऱ्यांना चार तांबे मांडायचे, त्यांच्याभोवती सुताचे वेढे द्यायचे, आणि त्या चौकटीत नवरीला घेऊन तिच्या आईनं बसायचं. दोघींना हळद लावतात, दोघींच्या अंगावर एकदमच पाणी ओततात. थोरल्या आरोहीच्या लग्नात बँडवाल्यानं पहिला सूर काढला आणि माझ्या डोळ्यांपुढं नागमोडी रेघा नाचायला लागल्या. मी धान्याच्या खोलीत ओलं फडकं डोळ्यांवर घेऊन पडले, आणि माझ्या जागी माझी नणंद शिवकांता बसली. माझी लेक दुसरीच्या मांडीला मांडी लावून न्हाली. वर वन्सं अजून सगळ्या अणदूर गावाला सांगतात, "आरोहीच्या सुरगीला म्याच बसले की!"

म्हणून धाकट्या हर्षालीचं लग्न ठरलं तेव्हा आनंदाआधी मला धडकी भरली. ही शेवटची लेक. ही सुरगी गेली तर माझ्या वाट्याला परत सुरगी नाही.

उपाय काय कमी झाले होते? सासूबाईंच्या सांगण्यावरून महिनाभर सूर्य उगवायच्या आत दूध-जिलेबी खाल्ली. डोकं होतं तसंच राहिलं, झंपर मात्र सगळे उसवावे लागले. शेवटी हर्षालीनंच मला एसटीत बसवून सोलापूरला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी माझ्या दुखण्यावरच्या गोळ्यांचा हिशेब घेतला आणि म्हणाल्या, "मावशी, इतक्या गोळ्या खाल्ल्या तर त्यांनीच डोकं दुखतं." मग तपासणी करून त्यांनी दोन साध्या गोळ्या दिल्या. एक मॅग्नेशियमची, दुसरी बी-टू जीवनसत्त्वाची, चांगली मोठ्या ताकदीची. दुखो न दुखो, रोज घ्यायच्या. "दोन-तीन महिने धीर धरा. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, पण पुष्कळांचं दुखणं कमी होतं."

खात्री न देणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं होतं, म्हणून मी विश्वास ठेवला.

सुरुवातीला गुण नाहीच, उलट मॅग्नेशियमनं पोट धावायला लागलं. मी फोनवर डॉक्टरीणबाईंशी भांडले, त्यांनी हसत मात्रा कमी केली. मग हळूहळू दोन दुखण्यांमधलं अंतर वाढायला लागलं. गणपतीचे ढोल झाले, डोकं गप्प. दसरा झाला, तरी गप्प. दिवाळीत एकदा दुखलं, पण दुपारी झोपून संध्याकाळी मी करंज्या तळायला उभी! मला तर वाटलं, वेशीवर जाऊन ओरडून सांगावं.

पण बाहेर फुटलं ते नेमकं नको तेच. त्या बी-टूच्या गोळीनं लघवी पिवळीजर्द होते. मी घाबरून डॉक्टरीणबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, "गोळीचाच रंग आहे तो, जास्तीचं जीवनसत्त्व बाहेर पडतं. घाबरू नका." मी निश्चिंत झाले आणि जाता जाता कल्याणप्पांना सांगून बसले. हीच माझी चूक. या माणसाच्या कानात घातलेली गोष्ट पोटात कधी पोचतच नाही, ती थेट त्यांच्या आईकडं जाते.

लग्नाला पंधरवडाही उरला नव्हता. सासूबाई माझ्या समोर येऊन बसल्या आणि माझी खालची पापणी ओढून बघायला लागल्या.

"कावीळ हाय ही," त्या म्हणाल्या.

"आत्याबाई, गोळीचा रंग हाय तो. डॉक्टरीणबाई सांगितल्यात."

"गोळीनं कुठं असं व्हतंय व्हय? म्या चार माणसं काविळीनं गेलेली बघितल्यात."

मी तडक लॅबमध्ये जाऊन रक्त दिलं. कावीळ नाही म्हणून कागद आला. सासूबाईंनी तो उलटा-सुलटा बघितला आणि म्हणाल्या, "रक्तात उतरली नसंल अजून." आता यापुढं काय बोलणार कपाळ!

दुसऱ्या दिवशी वीरभद्रमामा हजर. हे आमच्याकडं काविळीची माळ देतात. कसल्याशा मुळीचे तुकडे दोऱ्यात गुंफलेली ती लहानशी माळ डोक्यावर ठेवायची. ती वाढत वाढत गळ्यात उतरली की कावीळ उतरली. तोवर तेल बंद, आणि मुख्य म्हणजे हळद बंद. खायची नाही, लावायची नाही, शिवायचीसुद्धा नाही. ज्या गावात खंडोबाच्या भंडाऱ्यानं देवळाच्या पायऱ्या पिवळ्या होतात, त्या गावात मी पांढरं वरण गिळत बसले.

"मग हर्षालीची सुरगी?" मी विचारलं.

सासूबाईंनी मान फिरवली. "माळ उतरली तर तू बस. न्हाय उतरली तर शिवकांता हाय की."

मी तणतणत बाहेर आले. कल्याणप्पांना म्हटलं, तुम्ही तरी बोला. ते म्हणाले, "आईचं मन कशाला मोडायचं? एका दिवसाचा तर प्रश्न हाय." एका दिवसाचा! त्या एका दिवसासाठी मी इतके महिने गोळ्या गिळल्या होत्या. त्या रात्री मी आरशापुढं उभी राहून ती माळ दोन्ही हातांनी खाली ओढली. माळ कानांपाशी अडकली आणि तिथंच राहिली.

हळदीच्या आदल्या दिवशी वन्सं आल्या, सुरगीत बसायची पिवळी साडी पिशवीत घेऊनच. अंगणात मांडव पडला, पाहुण्यांची पोरं शिट्ट्या वाजवत फिरायला लागली. सासूबाई मधूनच खांबाला धरून डोळे मिटून उभ्या राहायच्या. म्हातारं माणूस दमलं असेल, असं मला वाटलं. माझी बी-टूची पट्टी मात्र वेळेआधीच संपली होती. मला वाटलं, रागाच्या भरात मीच विसरून जास्त खाल्ल्या की काय.

हळदीच्या दिवशी पहाटे मी चूल पेटवत होते. मागच्या दारानं सासूबाई आल्या, अंगभर पदर घेऊन, तोंड उतरलेलं.

"महानंदा, जरा हिकडं ये. कुणाला सांगू नको."

"काय झालं आत्याबाई?"

"मला बी झाली गं."

"काय झाली?"

"कावीळ! आत्ता बघितलं. पिवळं धमक!" त्यांचे डोळे भरून आले. "नातीची हळद, आन् म्या आता हळदीला शिवायची न्हाय."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "आत्याबाई, माझ्या गोळ्या खाल्ल्यात का तुम्ही?"

सासूबाई खाली बघायला लागल्या. मग पदराचं टोक पिळत म्हणाल्या, "तीन-चारच खाल्ल्या. तुझं डोकं थांबलं म्हणून म्हटलं बघावं. माझं बी दुखतंय की."

"कधीपासून?"

"आरोहीचा बाप पोटात हुता तवापासून."

मला हसू फुटलं होतं ते तिथंच थांबलं. कल्याणप्पा पन्नाशी ओलांडून गेले आहेत. मी या घरात आले त्याच्याही आधीपासून ही बाई अर्धं डोकं घेऊन भाकरी थापत होती, आणि आमच्या कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

"सांगितलं का न्हाय कुणाला?"

"सांगून काय करतंय? तू निदान पडून तरी राहायचीस. मला कोण पडू देणार हुतं?"  मग एकदम मान वर करून म्हणाल्या, "म्हंजी ही गोळीच हाय व्हय? कावीळ न्हाय?"

"न्हाय. पण माझ्या गोळ्या अशा उचलून खाऊ नका. लग्न झालं की तुम्हाला सोलापूरला दाखवू."

"मग ते काय डोक्यावर घालून बसलीस?" असं म्हणून त्यांनी माझ्या डोक्यावरची माळ खसकन ओढली आणि चुलीत टाकली. जणू मीच हौसेनं घातली होती! मला असा राग आला, आणि असं हसू आलं, की मी त्यांना गच्च मिठीच मारली. अठ्ठावीस वर्षांत आम्ही एकमेकींना मिठी मारली नव्हती. दोघींनाही नेमकं हात कुठं ठेवायचे ते कळेना.

सकाळी अंगणात चार तांबे मांडले, सूत गुंडाळलं. वन्सं पिवळी साडी नेसून पुढं झाल्या, तेवढ्यात सासूबाईंचा आवाज आला, "शिवे, तू मागं सर. आई बसंल लेकीसंगं." वन्संचं तोंड बघण्यासारखं झालं होतं आणि मी ते मन भरून बघितलं. खोटं कशाला सांगू.

मी चौकटीत बसले. हर्षाली माझ्या मांडीला मांडी लावून बसली, तिचा हात गारठला होता. दाराशी बँडवाल्यांनी तोंडाला पिपाण्या लावल्या. मी डोळे मिटले. आता येतील रेघा, आता येतील. सूर घुमला, ढोल घुमला, पोरं किंचाळली. मी एक डोळा उघडला. समोर अंगण होतं, सरळ, स्वच्छ, उन्हानं भरलेलं. "आई, दुखतंय का गं?" हर्षालीनं कानाशी विचारलं.  मी नाही म्हणून मान हलवली आणि तिला जवळ ओढलं.

हळदीची वाटी घेऊन सासूबाई पुढं आल्या. हर्षालीच्या गालांना लावली, मग माझ्यापुढं वाकल्या. बँडच्या आवाजात ऐकू यावं म्हणून माझ्या कानाशी तोंड आणून त्यांनी विचारलं, "कुठल्या अंगाला दुखायचं गं तुझं?"

"डाव्या. तुमचं?"

"उजव्या."

त्यांनी माझ्या डाव्या कपाळावर हळद चोळली. मग मी वाटीत बोटं बुडवून त्यांच्या उजव्या कपाळाला हळद लावली, आणि वरून कुणीतरी पाण्याचा पहिला तांब्या ओतला.