माझं नाक कुठं असावं?

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. लाल रंगाची, दोन दारांची, स्पोर्ट्स म्हणतात तशी. रायपूरच्या तात्यापाऱ्यात माझा मुक्काम असतो. माझं नाक कुठं असावं यावरून आमच्या घरात अख्खा उन्हाळा आणि अख्खा पावसाळा वाद चालला. जिचं नाक तिला मात्र कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं, कारण तोवर माझाही गोंधळ उडाला होता.

तसा माझा जन्म सरळ झाला. कारखान्यात पट्ट्यावरून पुढं सरकता सरकता मला चाकं लागली, दारं लागली आणि बॉनेटखाली एका कोपऱ्यात काळा प्लास्टिकचा डबा बसला. तो डबा म्हणजे माझं नाक. त्यात घड्या घातलेला कागदी फिल्टर असतो. हवा त्यातून गाळून इंजिनात जाते आणि मी धावते. इतकी साधी गोष्ट.

माझे पहिले मालक नागपूरचे. मी नवी होते तोवर ते मला रोज पुसत. जुनी झाले तशी त्यांनी मला ताडपत्रीखाली झाकून टाकलं आणि शेजाऱ्यांच्या मांजरीनं माझ्या छतावर संसार थाटला. माणसांचा जमाखर्च मी तिथंच शिकले. ती रंगाचं कौतुक करतात, आणि रंग उडाला की कौतुकही उडतं.

त्या ताडपत्रीखालून मला पुष्करनं बाहेर काढलं. पुष्कर नव्या रायपूरला नोकरी करतो. त्याला मराठी सगळी समजते, पण उत्तर हिंदीत देतो. त्यानं मला धुतलं, रंगवलं आणि मग माझ्या स्प्रिंगा बदलून मला बुटकी केलं. माझं पोट जवळजवळ जमिनीला टेकलं. बुटकी गाडी वळणावर घट्ट धावते हे खरं, आणि प्रत्येक गतिरोधकाला घासते हेही खरं. म्हणून गतिरोधक आला की पुष्करचे बाबा खाली उतरतात. मी हलकी होऊन तिरपी तिरपी पलीकडं जाते आणि बाबा मागून चालत येऊन पुन्हा बसतात.

बाबांचं नाव अनंतराव. रेल्वेतून निवृत्त झालेत. "गाडी मले नेऊन राहिली, का मी गाडीले?" असं ते दर वेळी विचारतात. याचं उत्तर मलाही नीट सापडलेलं नाही.

उन्हाळा लागला आणि पुष्करला थंड हवेचं वेड लागलं.

"बाबा, कोल्ड एअर इंटेक लगाना है."

"म्हंजे काय?"

"इंजिन को ठंडी हवा मिलेगी. ताकद बढ़ेगी."

अनंतराव बनियनवर कूलरसमोर बसले होते. ते म्हणाले, "मे महिन्यात रायपुरात थंडी हवा? आमाले भेटत नाही अन् तुह्या गाडीले भेटन? तिच्या तोंडाले वाळ्याची ताटी बांध ना!"

मित्रांनो, पुष्करचं अगदीच चूक नव्हतं. थंड हवा दाट असते. एका श्वासात ती जास्त मावते. बॉनेटखालची हवा इंजिनाच्या गरमीनं तापलेली असते, म्हणून नळी लांबवून बाहेरची हवा घ्यायची, इतकाच विचार. पण बाहेर म्हणजे नक्की कुठं, इथं सगळं अडलं.

पुष्कर मला विशालभैयाच्या दुकानी घेऊन गेला. विशालभैया गाड्यांचं सामान विकतो. त्याच्या जमेच्या बाजूला एकच नोंद आहे. तो प्रत्येक वस्तू मनापासून विकतो. खर्चाच्या बाजूलाही तीच नोंद आहे.

त्यानं आधी शंकूच्या आकाराचा एक चकचकीत फिल्टर दाखवला. "ये बॉनेट के अंदर लगेगा. आवाज सुनना भैया, पूरा मोहल्ला बाहर आएगा!"

"पर हवा तो गरम ही खींचेगा ना?"

"हवा को कौन देखता है? आवाज सब सुनते हैं."

मग त्यानं लांब नळी काढली, थेट बंपरखाली जाणारी. "इसमें एकदम ठंडी हवा. बस पानी में मत उतारना. नाक डूबी तो इंजिन पानी पी जाएगा."

दोघांनी वाकून माझ्याकडं पाहिलं. मी इतकी बुटकी, की साचलेल्या पाण्यात माझंच नाक आधी बुडायचं.

तिसरा पर्याय माझा जुनाच डबा आणि त्यात धुता येणारा नवा फिल्टर. "ये तो किसी को दिखेगा भी नहीं," असं म्हणून पुष्करनं तो बाजूला सारला. मला त्याचं नवल वाटलं. तुमचं नाक दिसतं म्हणून तुम्ही श्वास घेता का?

त्यानंतर पुष्कर रोज मोबाईलवर माझं नवं नाक निवडायचा आणि दुसऱ्या दिवशी बदलायचा. शंकू म्हटलं की मी आवाजाची तयारी करी. नळी म्हटलं की पाण्याला भिई. शेवटी गणपती गेल्यावर त्यानं मधला मार्ग काढला. समोरच्या जाळीमागं, फार वर नाही नि फार खाली नाही, तळहाताएवढं नळीचं तोंड बसवलं. मी खरंच छान पळू लागले. आधीपेक्षा जास्त की तेवढीच, ते मला सांगता येत नाही. पुष्कर जास्त म्हणायचा, म्हणून मीही मान्य केलं.

पण घरात वेगळंच शिजत होतं. पुष्करच्या आईला, वनमालाबाईंना, मी नकोशी झाले होते. "विकून टाका तिले. यांचे गुडघे गेले चढउतार करून करून," असं त्या म्हणायच्या. भिलाईचा शिशिर नावाचा एक जण मला विकत घ्यायला तयार होता. पुष्करनं जेवण टाकलं. तेव्हा अनंतरावांनी निकाल दिला.

"दसऱ्याले सीमोल्लंघन करू. शहराची हद्द ओलांडून गाडी न रुसता वापस आली, तर राहीन. रस्त्यात अडली, तर दुसऱ्या दिवशी शिशिर घेऊन जाईन. मंजूर?"

"मंजूर," पुष्कर म्हणाला. त्या दिवशी मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा असा हळू आवाज ऐकला.

दसऱ्याला माझी पूजा झाली. हळद-कुंकू, झेंडूचा हार, सगळं रीतसर. बापलेक कपडे बदलायला आत गेले आणि वनमालाबाई एकट्याच परत आल्या. त्यांच्या हातात हिरवा खण होता. नारळ त्यांनी माझ्या सीटवर ठेवला. तांदूळ आणि हळकुंड खणात घातलं आणि जागा शोधत माझ्याभोवती एक फेरी मारली. मग समोर वाकून तो खण जाळीमागं, थेट माझ्या नव्या तोंडाशी खोचला. त्यांनी मला हात जोडले, डोळे पुसले आणि कुणी पाहण्याआधी आत गेल्या.

मला वाटलं, नव्या नाकाला असंच काहीतरी लागत असेल.

मग तिघं बसले, वनमालाबाई मागं. तेलीबांध्यापर्यंत मी रांगत आले, कारण सणाची गर्दी होती. तलावाजवळ रस्ता मोकळा झाला, पुष्करनं पाय दाबला आणि माझा श्वास कोंडला. मी दोन आचके दिले आणि बंद पडले.

पुष्करनं बॉनेट उघडलं. नळी पाहिली, पट्टे आवळले. चालू केलं तर मी उभ्या उभ्या छान गुरगुरले. जरा पुढं गेलो आणि पाय दाबताच पुन्हा आचके. उभी असले की बरी, धावू लागले की आजारी! असा आजार मी कधी ऐकला नव्हता. वाटलं, म्हातारपण म्हणतात ते हेच असावं.

"झालं सीमोल्लंघन," अनंतराव म्हणाले. "थंडी हवा लागली वाटते तिले. सर्दी झाली."

पुष्कर माझ्यासमोर उकिडवा बसला. "ठीक है बाबा. शिशिर को बोल दो, कल ले जाए."

तसे अनंतराव जन्मात पहिल्यांदा माझ्या स्टीअरिंगमागं बसले. "थांब, मी पाहतो," म्हणत त्यांनी मला चालू केलं आणि पाय जोरात दाबला. समोर बसलेल्या पुष्करच्या डोळ्यांदेखत हिरवा खण फडफडला आणि माझ्या तोंडाला घट्ट चिकटला.

"बंद करो बाबा!"

त्यानं जाळीत बोटं घालून खण ओढला. तांदूळ रस्त्यावर सांडले. "आई, ये क्या है?"

वनमालाबाई खाली बघत म्हणाल्या, "ओटी भरली होती तिची. अडली तर उद्या जाणार होती ना."

"तूच तर विका म्हणत होती!" अनंतराव म्हणाले.

"म्हणत होती. म्हणून का पोरीले रिकाम्या हातानं धाडाचं?"

"पर मुँह में क्यों डाला, आई?"

"ओटी पोटाशी भरतात रे! तिचं पोट कुठं ठेवलं तू? जमिनीले टेकवून दिलं. मले जिथं जागा भेटली, तिथं खोचलं."

पुष्कर हसू लागला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. अनंतरावांनी खणावरची धूळ झटकली, नीट घडी केली आणि तो बायकोच्या हाती दिला. मग ते म्हणाले, "हिनं ओटी भरली ते उद्याच्यासाठी. आज गाडी आपलीच आहे. हद्द अजून लागाची आहे. चाल, पोट्ट्या."

आम्ही हद्द ओलांडली आणि परत आलो. मी एकदाही रुसले नाही. तरी वाटेत अडले तर होतेच, म्हणून अट मोडली की पाळली, हे मला कळेना. घरी आल्यावर अनंतरावांनी शिशिरला फोन लावला, तेव्हा मी इंजिन थंड होईतो ऐकत राहिले.

"गाडीचं जमत नाही बा," ते म्हणाले. "नाही, चांगली चालते. पण लेकीची ओटी भरतात ती वापस यावी म्हणून, अन् ते आली वापस. आता कोणत्या तोंडानं देऊ?"

मित्रांनो, जुन्या गाडीचं मागणं फार नसतं. फिल्टर वेळेवर झटका. नाक दाखवण्यासाठी निवडू नका, श्वासासाठी निवडा. आणि मायेनं काही द्यायचंच असेल, तर आधी वाकून पाहा, घेणाऱ्याचा श्वास कुठून चालतो ते. मला नको म्हणणाऱ्या बाईच माझ्यासाठी का रडल्या, ते अजून माझ्या डोक्यात शिरलेलं नाही. पण काल त्या अंगणात आल्या, इकडंतिकडं पाहिलं आणि पदरानं माझी जाळी पुसून गेल्या.