नुसते पाय

रंगाऱ्याची बायको जिथं उशी ठेवायची, नेमकं तिथंच हवा मोजणाऱ्या बाईनं आपलं यंत्र ठेवलं होतं आणि त्याच्या काचेवरचा दमटपणाचा आकडा चढतच चालला होता. रंगाऱ्यानं तो एकदा पाहिला. मग आपल्याच नखांतला वाळलेला रंग कोरत राहिला.

"त्या या तळघरातच झोपायच्या?" बाईनं विचारलं.

"माझ्या जन्मापासून. सव्वीस वर्षं," लेक म्हणाली. "दिवसा शिलाई मशीनवर, रात्री या पलंगावर. बाबा तरी कामाला बाहेर असायचे. गेल्या महिन्यात आई गेली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, ओल आणि बुरशी छातीत बसली होती."

बाईनं पातीनं भिंत खरवडली. पिस्ता रंगाखाली अस्मानी निघाला, अस्मानीखाली गुलाबी. आणि प्रत्येक रंगामागं तीच काळी, मखमली बुरशी.

"हात मात्र सफाईचा आहे. ओल कळूच दिली नाही," बाई म्हणाली.

ही तारीफ त्यानं जन्मभर ऐकली होती. बायको तेवढी हसायची: "भिंत नवरीसारखी नटवलीत खरी, पण ओल काही सासरी जायची नाही."

वरच्या कोपऱ्यात बाईनं बोटानं टकटक केली. आवाज पोकळ आला. लेकीनं तिच्या हातून पाती घेतली. भेगा बुजवायच्या लांबीचे पोपडे पलंगावर पडले, मागून एक फळी सुटली. फळीवर फिकट पिवळा चंद्र रंगवलेला होता. तिनं ती न बघताच खाली टाकली.

गजांमधून उजेड आला. मागोमाग रस्त्यावरचा वारा. काचेवरचा आकडा उतरू लागला.

"इथं झरोका होता?" लेकीचा आवाज फाटला. "बाबा, ती श्वासासाठी तडफडायची, आणि वारा इथं हातभर अंतरावर होता! कोणी बुजवला हा?"

त्याला आठवली चार वर्षांची लेक, आईच्या कुशीत तोंड खुपसून किंचाळणारी: नुसते पाय आले, नुसते पाय! आठवडाभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. शेवटी बायकोच म्हणाली होती, "बुजवून टाका हो. लेकराला झोपू दे." त्यानं फळी ठोकली, तिच्यावर लेकीसाठी चंद्र काढला. मग लेक मोठी झाली, आणि झरोका रंगाखाली राहूनच गेला. दवाखान्यात, मास्कआडून, शब्दागणिक थांबत, पुन्हा बायकोच म्हणाली: "झरोक्याचं... तिला... सांगू नका."

बाहेरून कोणीतरी गेलं. गजांपलीकडं काळे बूट सरकले. लेक दचकून मागं आली. तिची पाठ बापाच्या छातीला टेकली. आपण का दचकलो, ते तिचं तिलाही उमगलं नाही.

"बोला ना, बाबा. कोणी?"

त्यानं खाली पडलेली फळी उचलली, बाहीनं चंद्रावरची धूळ पुसली, ती काखेत धरली आणि जिना चढू लागला.