डब्याला विश्रांती

माझी आई सरस्वती दुपारी जेवली की तासाभरासाठी वायफायचा डबा बंद करते. मिक्सर तापतो तसा तोही तापतो म्हणे. "सकालपासून चाललाय, जरा गार होऊंदे." सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला.

आई बाळकुमची धवलारीण. लग्नाघरी हळदीला धवले गायची, तर ऐकायला अख्खं गाव जमायचं. घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला, आता नुसतं कुजबुजते. तिचे जुने धवले मी घरच्या कॉम्प्युटरवर ठेवलेत आणि तिच्या नावाची वेबसाइट केली. नाव पक्कं, पण त्यामागे आमच्या घरच्या इंटरनेटचा नंबर लागतो, आणि डबा बंद करून चालू केला की तो बदलतो. नवा नंबर घरच्या वायफायवरच दिसतो, तो बघून मी हाताने भरते. नाही भरला तर नाव जुन्याच दारावर टकटक करत बसतं.

परवा डोंबिवलीत भाचीची, अंतराची हळद होती. आईचे गुडघे धरलेले, म्हणून ती घरीच. अंतराला तर आजीच्याच धवल्यात हळद लावून घ्यायची होती. माझा भाऊ चंदू म्हणालेला, "पेनड्राइव्हवर घे." मी कसली ऐकते! वेबसाइट कशाला केलीय मग, म्हटलं.

चार वाजता पोर पाटावर बसली, हळदीची वाटी पुढे आली, मी मोबाइल स्पीकरला जोडला. वेबसाइट उघडेना. सगळ्या बायका माझ्याकडे बघतायत. शीळफाट्याच्या ट्रॅफिकमधून घरी जाऊन येईपर्यंत नवरी सासरी पोचली असती.

आईला फोन लावला आणि सगळा राग तिच्यावर काढला. "आजच्या दिवशी तरी डबा चालू ठेवायचास ना गं."

ती कुजबुजली, "लिवून घे." आणि एकेक आकडा सांगायला लागली.

"तुला कुठून मिळाला?"

"मागे रागावलीस तेव्हा मोबाइलवर कसा बघायचा ते दाखवलेलंस ना. रोज बघून कॅलेंडरवर लिवते. तू कधी इचारतच नाहीस."

लाज वाटली मला. गुपचूप नंबर भरला. पाच मिनिटं थांबलो, आणि मांडवात आईचा जुना, खणखणीत आवाज सुरू झाला. अंतराने डोळे मिटले, पहिली हळद लागली. मला रडू आवरेना. फोन अजून चालूच होता.

"कोन गो ती?" आई कुजबुजली. "बरी गाते."

"बाळकुमची आहे एक," म्हटलं. "रोज दुपारी डबा बंद करते."