मांडीवरची शाल

मार्सेलिनाच्या तोंडी मनोरीत कोणी लागत नसे. बोंबीलवालीपासून फादरपर्यंत प्रत्येकाला तिने एकदा तरी सुनावलेलं. पण रसेलच्या पायाची पट्टी सोडायची वेळ झाली, की याच बाईला चुलीवरचं काहीतरी आठवायचं.

रसेल तिचा धाकटा. फौजेत होता. सरहद्दीवर गस्तीत सुरुंगावर पाय पडला आणि डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. आता पुण्याला फौजेच्या केंद्रात नकली पाय बसवायचा होता. तोवर उरलेल्या पायाला ताणाची पट्टी दिवसातून चारदा आवळून बांधायची. सूज उतरली, आकार नीट आला, तरच माप घेतात. पट्टी बांधायची त्याची बहीण नॅटली. इस्पितळातल्या सिस्टरने तिला शिकवलेलं. मार्सेलिनाने तो पाय अजून उघडा पाहिला नव्हता. पोर जिवंत घरी आलं, त्यात आणखी बघायचं काय, असं ती म्हणायची आणि वर कोणाला बोलू द्यायची नाही.

गावाने सत्कार ठरवला. रविवारची मिस्सा सुटल्यावर चर्चमागच्या हॉलमध्ये. मार्सेलिना ठेवणीतलं लुगडं नेसली, कानात काप घातले आणि वाटेत दिसेल त्याला सांगत गेली, की माझ्या मुलाला हार घालायला चला, तुमचे तर घरी बसून दारू पितात. रसेल त्या दिवशी हाफपँट घालून निघाला. इतके दिवस लांब पँटीची रिकामी बाजू वर दुमडून पिना लावायचा. नॅटलीने भावाकडे पाहिलं आणि त्याच्या कुबड्या पुढे केल्या. मार्सेलिनाने तोंड फिरवलं.

हॉलमध्ये त्याला पुढे खुर्चीवर बसवलं. भाषणं झाली. मंडळाचा अध्यक्ष फ्रेडी शाल घेऊन उठला, तसा फोटोवाला म्हणाला, खाली जरा झाका, बरं दिसत नाही. फ्रेडी घुटमळला. शाल खांद्यावर घालतात हे शेंबड्या पोरालाही कळतं. तरी त्याने ती रसेलच्या मांडीवर टाकली. मार्सेलिना उठून पुढे आली, तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता फ्रेडीचं काही खरं नाही. तिने शालीचं टोक धरलं, पार खालपर्यंत ओढलं आणि खुर्चीच्या कडेने दोन्हीकडून नीट खोचून टाकलं.

"हां, आता काढ फोटो," ती म्हणाली.

टाळ्या पडल्या. रसेल नारळ हातात धरून बसून राहिला.

घरी आल्यावर त्याने स्वतःच पट्टी सोडली आणि पुन्हा बांधू दिली नाही. नॅटलीने समजावलं, रडून झालं, पुण्याची तारीख जवळ आली म्हणून सांगून झालं. झाकलेलं चांगलं दिसतंय ना, एवढंच तो म्हणायचा, आणि पाय चादरीत घालून भिंतीकडे वळायचा. पाय सुजायला लागला. पँटीत जाईना.

मार्सेलिना फ्रेडीच्या दारात जाऊन उभी राहिली. आजूबाजूच्या चार घरांना ऐकू जाईल अशी बोलली. शाल मांडीवर घालतात होय रे, म्हातारा झालाय का तो, थंडी वाजायला? तुझ्या बापाचा असा सत्कार केला होता का कोणी? फ्रेडीने सगळं ऐकून घेतलं.

"मार्सेलिनाबाय," तो म्हणाला, "मी नुसती टाकली. खोचलीस तू."

मार्सेलिना वळली आणि तडक घरी आली.

नॅटली कामाला गेली होती. मार्सेलिनाने हात धुतले, पट्टी शोधली आणि रसेलच्या खाटेवर जाऊन बसली.

"दे पाय इकडे."

"तुला नाही जमायचं, आये."

"तू मला शिकव मग."

"बांधण्याचं नाही म्हणत मी." तो पहिल्यांदा तिच्याकडे वळला. "इस्पितळात आलीस तेव्हापासून तू नुसती माझ्या तोंडाकडे बघतेस. खाली बघायचं जमतंय का ते सांग."

त्याने चादर काढली.

पाय लाल आणि तुकतुकीत झाला होता. शिवणीची आडवी रेघ सुजेत बुडाली होती आणि एका बाजूला कातडी उलून पाणी झिरपत होतं.  मार्सेलिना उठली नाही. तो तिच्या तोंडाकडे बघत होता आणि ती खाली बघत होती. शेवटी त्यानेच पट्टीचं टोक तिच्या हातात दिलं.

ती गोल गोल गुंडाळायला लागली. तसं नाही, तो म्हणाला, तिरकी घे, एकीवर एक कातरीसारखी फुली पडली पाहिजे, खाली घट्ट, वर सैल. तिची सुटली. पुन्हा बांधली, पुन्हा सुटली.

ठरल्या तारखेला पुण्याच्या डॉक्टरने सुजलेल्या पायावर बोट दाबलं आणि खळगा तसाच राहिला. माप घ्यायचं नाही, म्हणाला. आधी जखम भरू दे. आणि ती चिघळली तर अजून वरून कापावं लागेल, हेही त्याने सांगून टाकलं. परतीच्या वाटेवर मार्व्याहून मनोरीला येणाऱ्या बोटीत एक माणूस रसेलला बघून उठला, सॅल्यूट ठोकला आणि जागा दिली. रसेल बसला. मार्सेलिना त्याच्या कुबड्या धरून शेजारी उभी राहिली. 

संध्याकाळी तिने पाय कोमट पाण्याने पुसला, जखमेवर औषधाची जाळी ठेवली आणि पट्टी आवळायला घेतली.

"अजून ओढ," रसेल म्हणाला.

तिने ओढली. तो ओरडला. बाहेर पाणी भरणाऱ्या बाया थबकल्या, त्यांच्या माना खिडकीकडे वळल्या. नॅटली खिडकी लावायला धावली.

"राहू दे उघडी," मार्सेलिना म्हणाली, आणि मान वर न करता दुसरा वेढा घेतला.